डावखुरा शिंपी

१

माझ्या मावशीचा सिनेमा चोरीला गेलाय हे आम्हाला कळलं ते ओठांवरच्या एका शिळेमुळे.

मी पोटासाठी परक्या भाषांतल्या मालिकांची सबटायटल्स लिहिते आणि जिवासाठी इंटरनेटवर एक पान चालवते. कुणी न पाहिलेले विचित्र सिनेमे, छापणं कधीच बंद झालेली कॉमिक्स, एखाद्याने घरात बसून केलेलं ॲनिमेशन, असलं काय काय धुंडाळून त्यावर लिहायचं. वाचणारे थोडे आहेत, पण जे आहेत ते भांडायला कायम तयार असतात. त्या दुपारी मी मावशीकडे चहाला गेले होते आणि टेबलावर फोन उभा करून ‘डावखुरा शिंपी’ पुन्हा एकदा बघत होते. मावशी ओट्यापाशी काकडी चिरत होती. चिरण्याचा आवाज एकदम थांबला.

"हे काय लावलंयस?"

"जुना सिनेमा आहे, कागदी बाहुल्यांचा. सध्या सगळे वेडे झालेत त्याच्यापायी."

ती सुरी हातात घेऊनच फोनजवळ आली. तिला कडेकडेचं दिसतं, मधलं मात्र पुसून टाकल्यासारखं असतं. माणसं ती आवाजावरून ओळखते. तिने फोनला कान लावला.

"ही शीळ तुझ्या काकांची आहे," ती म्हणाली. "आणि ही कात्री माझी."

काकांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा आवाज कशातही राहिलेला नाही. मावशीने सिनेमा शेवटपर्यंत ऐकला, मग पुन्हा लाव म्हणाली, मग आणखी एकदा.

सिनेमा आहे आठ-नऊ मिनिटांचा. एका गावाचा रस्ता फाटतो. शिंपी तो शिवायला बसतो. दोरा संपतो तेव्हा तो स्वतःच्या बाहीचा दोरा ओढतो. बाही उसवते, मग सदरा, मग तो स्वतःच. शेवटी रस्ता सांधलेला असतो आणि त्यात टोचलेली सुई, बस. शिंप्याचं तोंड डावीकडे, शिवतो डाव्या हाताने, आणि मागच्या भिंतीवर बिनआकड्यांचं घड्याळ असतं ज्याचे काटे उलटे फिरतात. पडद्यावर नाव नाही, कर्त्याचा पत्ता नाही. कुण्या अनामिकाने तो नेटवर चढवला, ‘घुबड’ नावाच्या एका प्रसिद्ध संग्राहकाने तो आपल्याला सापडल्याचं जाहीर केलं आणि लोक त्यावर तुटून पडले. डावखुरा म्हणजे बंडखोर, उलटं घड्याळ म्हणजे पश्चात्ताप, असे निबंधच्या निबंध लिहिले गेले.

"बंड कसलं डोंबलाचं," मावशी म्हणाली. "सुट्टीत केलाय आम्ही, ह्याच खोलीत. मी कलाशाळेची लायब्ररी सांभाळायचे. शाळेचा कॅमेरा सुट्टीत पडूनच असायचा, तो मागून आणला. काच मांडली, बाहुल्या मांडल्या, डावीकडे दिवा ठेवला म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा. पुन्हा केसभर. एकदा हात काढायला विसरले तर तुझे काका किती हसले. सुरुवातीला नावंही घातली होती. रीळ आणि बाहुल्या माळ्यावर आहेत, पत्र्याच्या पेटीत. काढ ना."

मी स्टुलावर चढले. माळ्यावर जुनी गादी होती, पंखा होता, तुटकी खुर्ची होती. पेटी नव्हती. आणि मी खाली उतरतेय तोवर फोनवर बातमी आली: ‘डावखुरा शिंपी’चे कर्ते अखेर पुढे आले, कलाशाळेचे निवृत्त प्राचार्य, रविवारी त्यांचा जाहीर सन्मान.

२

मी त्याच दिवशी माझ्या पानावर सगळं लिहिलं. मला वाटलं, लोक पेटून उठतील. उठले, पण माझ्यावरच.

भानगड अशी की सिनेमात एका ठिकाणी पापणी लवेपर्यंत एक हात दिसतो. बाहुली हलवणाऱ्याचा हात, जो काढायचा राहून गेला. ह्या हाताची तर पूजाच चालते. त्याच्या अंगठ्याशेजारच्या बोटाचं पेर पुढे वाकलेलं आहे. आणि तो हात डावा आहे. प्राचार्य, ज्यांना सगळे नुसतंच ‘सर’ म्हणतात, ते डावखुरे. बोटाला त्या वेळी मार लागला होता, नंतर सरळ झालं, असं त्यांनी मुलाखतीत सांगून टाकलं होतं.

मावशीचंही तेच बोट तसंच वाकलेलं आहे, लहानपणी दारात चेमटून. पण उजव्या हाताचं. मी दोन्ही हातांचे फोटो टाकले तर खाली उत्तरं आली, "बोट जुळतंय, हात जुळत नाही. खेळ खलास." एकाने लिहिलं, "आजींना जपा, ह्या वयात असं होतं." आणखी एका शहाण्याने विचारलं की एवढा सिनेमा केला होता तर बाई इतकी वर्षं गप्प का बसल्या. अरे, गप्प बसली नव्हती, घरी होती. तुम्ही दार वाजवलंत का कधी?

संध्याकाळी मावसभाऊ आला. मी त्याला दादा म्हणते. शांत माणूस आहे आणि त्या दिवशी मला त्याच्या शांतपणाचाच राग आला.

"आई, सोड ना आता," तो म्हणाला. "लोक हसतायत. तुझ्या डोळ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी माळा मीच आवरला होता. गेली असेल पेटी रद्दीत."

"पत्रा रद्दीत जात नाही," मावशी म्हणाली. "तेव्हा घरात कोण कोण आलं होतं ते आठव."

दादाने आठवलं. सर एकदा तब्येतीची चौकशी करायला येऊन गेले होते. आणि कॉमिक्सवाला तो घुबड आला होता; मावशीकडे जुनी मुलांची मासिकं आहेत, त्यातल्या चित्रकथांचे फोटो काढायला. दोघंही वेगवेगळ्या दिवशी त्या खोलीत बसले होते, दादा औषधं आणायला गेला होता आणि मावशीला दिसत नव्हतं.

मी फोनवर सरांची मुलाखत लावली. त्यात ते हसत हसत सांगत होते, "शीळही माझीच बरं का. तरुणपणी मी छान शीळ वाजवायचो."

मावशीने चाचपून फोन पालथा घातला. मग म्हणाली, "सिनेमा घे म्हणावं त्यांना. शीळ नाही मिळायची."

३

माझी नणंद एक्स-रेची डॉक्टर आहे. माझ्यापेक्षा लहान आहे, पण वागते सासूसारखी, म्हणून मी तिला चिडवायला ‘वन्सं’ म्हणते. लोकांची हाडं बघून बघून तिला माणसांचं खोटं बोलणंही आरपार दिसतं असा आमच्या घरात समज आहे. मी तिच्या हॉस्पिटलात गेले, तिच्या अंधाऱ्या खोलीत एक खुर्ची ओढली आणि तोंडाचा पट्टा सोडला. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. मग सिनेमा पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला.

"ह्यात उजवी बाजू कुठली?"

"म्हणजे काय? उजवी ती उजवी."

"बरं. सवय आहे मला विचारायची." तिने हात दिसतो तिथे चित्र थांबवलं. "हे पेर बघ. आतली शीरच तुटली की असं होतं. वेळेवर बांधलं नाही तर आपोआप सरळ होत नाही. सरांनी बोट कुणाकडे बांधून घेतलं, विचारू या."

"वन्सं, विचारायचं काय त्यात? पेटी त्यांनीच नेली, बाहुल्या त्यांच्याकडेच आहेत. मुलाखतीत दाखवल्यात सगळ्या जगाला. चोर हातात मुद्देमाल घेऊन उभा आहे आणि त्याला मानचिन्ह देतायत."

"हात मात्र डावा आहे," ती म्हणाली. "तेवढं मला टोचतंय. मावशी खोटं बोलत नाहीत, आणि फोटोही बोलत नाही. मग दोघांच्या मध्ये कोण बोलतंय?"

४

सरांच्या दिवाणखान्यात काचेचं एक टेबल होतं आणि त्यावर बाहुल्या मांडलेल्या होत्या. काळ्या जाड कागदाच्या, एका बाजूने रंगवलेल्या, सांध्यांवर दोरा ओवून हलत्या केलेल्या. शिंपी तिथेही डावीकडेच बघत होता आणि त्याचा डावा हात खांद्यातून, कोपरातून, मनगटातून हलत होता. उजवा हात अंगाला चिकटवलेला. काम सफाईचं होतं, ते कबूल करताना माझा जीव जळला.

"लायब्ररीतल्या बाई ना?" सर म्हणाले. "आठवतात की. पुस्तकांना कव्हरं फार छान घालायच्या."

मी तोंड उघडलं. वन्संनी माझ्या पायावर पाय ठेवला.

"त्यांनी सुट्टीत शाळेचा कॅमेरा नेला होता म्हणे," ती म्हणाली.

"नेला असेल. मी कुणाला नाही म्हणायचो नाही. फोटोबिटो काढले असतील घरचे." सर खुर्चीत रेलले. "मी काम करायचो शाळा सुटल्यावर, एकटा. आम्हा डावखुऱ्यांचं सगळंच उलटं. दिवासुद्धा उजवीकडे ठेवावा लागतो, नाहीतर आपल्याच हाताची सावली पडते. सिनेमात बघा, सावल्या डावीकडे पडल्यात."

मी मनात पाहिलं. खरंच पडल्या होत्या. पुढचं वन्संनी विचारलं.

"आणि बोट?"

"झालं आपोआप सरळ. आमच्या वेळी डॉक्टर कोण गाठतंय."

"बाहुल्या इतकी वर्षं कशात ठेवल्या होत्या?"

"एका फाईलीत. का?"

"पत्र्याच्या पेटीत नाही?"

"कसली पेटी?" सरांनी विचारलं, आणि मला मान्य करावं लागेल, त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच काही नव्हतं. सराईत माणूस इतका कोरा चेहरा करू शकतो का, ह्याचा मी विचार करत होते तेवढ्यात वन्सं उठली.

"सर, जाता जाता ती शीळ जरा ऐकवता?"

सरांनी ओठांवर हात ठेवला. "आता कवळी आहे हो," ते म्हणाले.

५

घुबड हा चाळिशीचा, विमा कंपनीत नोकरी करणारा, अतिशय सभ्य माणूस निघाला. मला निशाचर, दाढीवाला कुणीतरी अपेक्षित होता. दार उघडताच समोर खिडकी होती, उजवीकडे छतापर्यंत कॉमिक्स, प्रत्येक पारदर्शक पिशवीत. डावी भिंत मोकळी ठेवली होती आणि तिच्यावर एकच मोठं चित्र चौकटीत लावलं होतं: शिंपी, सुई उचललेला, खिडकीकडे बघणारा. कागदाचा खरखरीतपणासुद्धा दिसत होता. मी मत्सराने बघत राहिले.

त्याने आम्हाला चहा दिला आणि बोलायला लागला तो थांबेच ना. कुठला कार्टूनपट कुठल्या बंद पडलेल्या दूरदर्शन केंद्राच्या गोदामात मिळाला, कुठलं कॉमिक कुणी घराच्या भिंतीत कोंबलं होतं. मी एरवी असल्या गप्पांसाठी जेवण सोडेन.

"आणि हे सगळं नेटवर टिकतं कसं?" वन्संनी विचारलं. "काढून टाकत नाहीत?"

"यंत्रं काढतात ना. चित्र ओळखतात आणि उडवतात. म्हणून आम्ही सगळेच चढवताना काहीतरी करामती करतो. कुणी वेग बदलतं, कुणी कडा कापतं. मी तर काहीही चढवताना आधी आरशातल्यासारखं उलटवतो. यंत्र आंधळं होतं. हाताला इतकी सवय झालीय की घरच्या वाढदिवसाचा व्हिडिओसुद्धा उलटाच गेला होता." तो हसला, मीही हसले.

"शिंपी तुम्हीच चढवलात?"

"छे. कुणीतरी निनावी होता. मी फक्त शोध लावला."

"मावशींच्या घरी गेला होतात ना?"

"हो, चित्रकथांचे फोटो काढायला. गोड बाई आहेत. पेटीबिटी काही पाहिली नाही मी." त्याने कप उचलले. "सरांबद्दल मला काही म्हणायचं नाही. लोकांना कर्ता हवा होता, मिळाला."

हे बोलताना तो पहिल्यांदाच कडवट वाटला.

"चित्र फार स्पष्ट आलंय," वन्सं दारातून मागे वळून म्हणाली.

"छापणारा चांगला होता," घुबड म्हणाला आणि दार लावलं.

६

जिन्यात उतरताना मी बडबडत होते. दिवा उजवीकडे, हात डावा, सावल्या डावीकडे. सगळं सरांच्या बाजूने. उद्या रविवार. मावशी खोटी ठरणार आणि काकांची शीळ त्या कवळीवाल्याच्या नावावर जाणार.

वन्सं एका पायरीवर थांबली. "वहिनी, तुझ्या फोनवर सिनेमा उलटवता येतो? तो म्हणाला तसा?"

येतो. माझं कामच ते आहे. मी उलटवला आणि चालू केला.

भिंतीवरचं घड्याळ सुलट फिरायला लागलं.

शिंपी उजवीकडे बघत उजव्या हाताने शिवत होता. सावल्या उजवीकडे पडत होत्या, म्हणजे दिवा डावीकडे. मग तो हात आला, उजवा, वाकलेल्या पेराचा. मावशीचा हात. मी तिथेच पायरीवर बसले.

"आमच्याकडे फोटो काढताना प्रत्येक वेळी शिशाचं एक अक्षर शेजारी ठेवतात," वन्सं म्हणाली. "हे उजवं, हे डावं, म्हणून. कारण फोटो उलटा धरला की सगळं खरंच दिसतं, आणि चांगला पाय कापला जातो. मी कुठल्याही फोटोला आधी हेच विचारते. इथे अक्षर नव्हतं, पण घड्याळ होतं. आणि तुम्ही लोकांनी त्यावर पश्चात्तापाचे निबंध लिहिलेत."

"म्हणजे सर..."

"सरांनी मूळ सिनेमा जन्मात पाहिलेला नाही. त्यांना एवढंच माहीत होतं की कुणीतरी शाळेचा कॅमेरा नेला होता. नेटवर डावखुरा शिंपी पाहिला, स्वतः डावखुरे, वाटलं देवच पावला. मग त्यावरून बाहुल्या कातरल्या. डाव्या हाताच्या, डावीकडे बघणाऱ्या, आणि एकाच बाजूने रंगवलेल्या, म्हणजे पालथ्या घालूनही जमणार नाही. ज्या बाहुल्यांनी हा सिनेमा झाला त्यांचा उजवा हात हलायला हवा."

"म्हणजे त्यांनी पेटी चोरली नाही?"

"पेटी त्यांच्याकडे असती तर बाहुल्या चुकल्या नसत्या."

मी वर बघितलं. वन्सं हसली नाही.

"घुबडाच्या भिंतीवरचा शिंपी कुठे बघत होता, वहिनी?"

"खिडकीकडे."

"आणि दारातून आत गेल्यावर डाव्या भिंतीकडे तोंड केलं की खिडकी आपल्या कुठल्या हाताला येते?"

उजव्या. साऱ्या दुनियेचा शिंपी डावीकडे बघतो आणि एकट्या घुबडाचा उजवीकडे.

७

आम्ही पुन्हा बेल वाजवली. वन्सं थेट चित्रापुढे जाऊन उभी राहिली.

"जगाला दिलंत ते उलटं आणि धुरकट," ती म्हणाली. "स्वतःच्या भिंतीवर मात्र तसलं सहन झालं नाही तुम्हाला. अस्सल संग्राहक आहात. पेटी कुठे आहे?"

तो कपाटापाशी गेला. इतक्या सहज गेला की मला वाटलं, कुणीतरी विचारावं म्हणून तो थांबलाच होता. पेटी खालच्या खणात, पांढऱ्या मऊ कापडात गुंडाळलेली होती. मावशीच्या घरी ती जुन्या गादीखाली होती, हे तो मला ऐकवायलाही विसरला नाही.

"तिथे सडली असती ती," तो म्हणाला. "मी रीळ साफ करून घेतलं. एकेक चौकट."

"आणि चढवताना पहिल्या चौकटी कापल्यात," मी म्हणाले. "नावांच्या."

"सांगा ना, तुम्हीही हेच करता. टायटलवर एका बाईचं नाव, लायब्ररी सांभाळणाऱ्या. किती लोकांनी बघितला असता? अंगठ्याने वर सरकवला असता आणि पुढे गेले असते. नाव नसलेला सिनेमा लोक शोधतात. अनाथ म्हटलं की जवळ घेतात."

"त्याची आई जिवंत होती," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि मी तो चढू दिला. "सापडला म्हणे. हरवला होता कुठे? माळ्यावर होता, स्वतःच्या घरात, खाली ती काकडी चिरत होती. तुम्ही तिच्या हातचा चहा पिऊन वर चढलात, तिला दिसत नाही म्हणून. आणि इतके दिवस लोक तिला वेडी म्हणतायत, सर खोटारडे आहेत हे तुम्हाला एकट्याला ठाऊक होतं, आणि तुम्ही गप्प."

"बोललो असतो तर पेटी दाखवावी लागली असती."

"हो. एवढंच करायचं होतं."

त्याने पेटीवरचं कापड सारखं केलं. म्हणाला, सर पुढे आले त्या दिवसापासून मला झोप नाही, माझा शोध त्यांनी खाल्ला. माझा शोध! मला पेटी उचलून त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली, पण आत मावशीच्या बाहुल्या होत्या.

"उद्या सभागृहात सिनेमा कोण दाखवणार आहे?" वन्संनी विचारलं.

"मीच."

"मग पूर्ण दाखवा. सुलट. पहिल्या चौकटीपासून."

८

सभागृह भरलं होतं. डावा हात उंचावून हवेत टाका घालायचा, ही ह्या पंथाची खूण. सर आले तेव्हा सगळ्यांनी तो घातला. मावशी पहिल्या रांगेत बसली होती, शेजारी दादा. त्याला मी अजून काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, तमाशा नको.

सरांनी काचेच्या टेबलावर बाहुल्या मांडल्या, वरच्या कॅमेऱ्यातून त्या मागच्या पडद्यावर दिसत होत्या. ते डाव्या हाताच्या एकाकीपणाबद्दल बोलले. मग म्हणाले, "आणि ती शीळ. तीसुद्धा माझ्याच..."

"ती माझ्या बाबांची आहे," दादा म्हणाला. तो उभा राहिला होता. माझ्या ह्या भावाला मी कधी चारचौघांत आवाज काढताना पाहिलेलं नव्हतं. "रोज घरी येताना जिन्यात वाजवायचे. मला आठवत नव्हती. काल रात्री आईने फोनवर लावली होती, तेव्हा आठवली."

लोक कुजबुजले, कुणीतरी त्याला बसा म्हणालं. तेवढ्यात वन्सं पेटी घेऊन मंचावर चढली. तिला अडवायचं कुणाला सुचलं नाही. डॉक्टर चालतात तशी ती चालते.

"सर, तुमच्या शिंप्याचा कुठला हात हलतो?"

"डावा. नावच आहे त्याचं."

"नाव लोकांनी ठेवलंय," ती म्हणाली आणि पेटी उघडून दुसरा शिंपी काचेवर ठेवला. जुना, कडा मऊ झालेला, दोरा पिवळा पडलेला. आता पडद्यावर दोन शिंपी एकमेकांकडे तोंड करून बसले होते, आणि दुसऱ्याचा उजवा हात हलत होता. तिने चार वाक्यांत सांगितलं: नेटवरचा सिनेमा चढवताना उलटवलेला आहे, म्हणून घड्याळ उलटं, म्हणून हात डावा. ज्याने तो केला त्याच्या बाहुल्या उजव्या असणार. ज्याने तो फक्त नेटवर बघितला त्याच्या डाव्या. "चढवणारे गृहस्थ मागे बसलेत. त्यांना विचारा."

सगळ्या माना मागे वळल्या. घुबड प्रोजेक्टरपाशी उभा होता. "खरं आहे," तो म्हणाला. "पेटी मी उचलली. नावांच्या चौकटीसुद्धा..." आणि पुढचं त्याच्या तोंडातून बाहेर आलं नाही.

सर म्हणाले की फार जुनी गोष्ट आहे, स्मरणात गफलत होऊ शकते. स्मरणात! अख्खा शिंपी कातरला तुम्ही, रंगवला, सांधे ओवले, आणि हे स्मरण? पण हे मी मनातच म्हटलं, कारण ते आपल्या बाहुल्या गोळा करत होते आणि मदतीला एकही माणूस उठला नव्हता. मला त्यांची कीव आली नाही. यावी असं वाटून बघितलं, तरी आली नाही.

दिवे गेले. मी मावशीच्या शेजारी सरकले. तिने माझं मनगट धरलं, वाकलेलं ते बोट माझ्या नाडीवर आलं.

"लागला का?"

"लागला. आधी सिनेमाचं नाव आलंय, ‘टाका’."

"हां. आता माणसांची नावं येतील. ती तुझ्या काकांनी कातरली होती, मला मेलं बघायलाच मिळालं नाही नीट, लावला तेव्हा पाहुणे आले होते आणि मी ओट्याशी. कुणाचं आधी आहे?"

"तुझं," मी म्हणाले. "मोठ्या अक्षरात, एकटं. मग काळोख. आता त्यांचं आलंय. खाली कोपऱ्यात, बारीक. नुसतं ‘शीळ’ आणि पुढे नाव."

मावशीने मान हलवली.

"त्यांना बजावलं होतं, तुमचं वर घाला म्हणून," ती म्हणाली. "हो म्हणाले होते."

आणि मी काहीतरी बोलायला गेले तशी तिने मनगट दाबलं, कारण शीळ सुरू झाली होती.